पायावरची जांभळी रेघ

"स्टुलावर चढ."

मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या. मार्करचं टोपण उघडत होत्या. मला वाटलं, माझ्या मागच्या कुणाला म्हणाल्या. मी बाजूला सरकले.

"तूच गं. सरकतेस कुठं? चढ."

अ‍ॅनाटॉमीची प्रॅक्टिकलची खोली. मेडिकलचं पहिलं वर्ष. त्या दिवशी पायाच्या शिरा होत्या. शीर आधी पुस्तकात बघायची, मग टेबलावरच्या देहात. आणि मग ती आतून कुठून कशी जाते ते जिवंत माणसाच्या कातडीवर रेघेनं काढून दाखवायचं. त्यासाठी बॅचमधलं कुणीतरी उभं राहायचं. छातीच्या वेळी एक मुलगा हौसेनं पुढं झाला होता. हाताच्या वेळी सगळ्यांनी आपापल्या हातावर काढलं होतं. पायाच्या वेळी मॅडमनी कुणालाच विचारलं नाही.

मी चपला काढल्या. चढले.

"सलवार वर घे."

घेतली. गुडघ्यापर्यंत.

"अजून. अजून घे गं. शीर मांडीपर्यंत जाते. तुला लाज वाटते म्हणून ती गुडघ्याला थांबणार आहे का?"

सगळे हसले. मुलंही होती. मुलांना बाहेर पाठवलं नव्हतं.

मार्कर गार होता. अंगठ्याच्या मुळाशी टेकला आणि वर निघाला. घोट्याच्या हाडाच्या पुढून. पोटरीच्या आतल्या बाजूनं. गुडघ्याच्या मागच्या अंगानं. मग मांडी. मॅडम रेघ ओढत होत्या आणि समजावून सांगत होत्या. ग्रेट सॅफेनस व्हेन. शरीरातली सगळ्यात लांब शीर. पायातलं रक्त वर नेते. जांघेत आतल्या मोठ्या शिरेला मिळते. ती पुढं ओटीपोटात शिरते, तिथं गर्भाशयाकडून आलेल्या शिरा तिला येऊन मिळतात, आणि मग सगळं मिळून वर, हृदयाकडं.

चांगलं शिकवत होत्या. हेही लिहिलं पाहिजे.

"हिलाच का घेतलं, सांगा." मॅडमनी बॅचला विचारलं. आणि स्वतःच सांगितलं. "अंगावर चरबी नाही. कातडी पातळ. शीर लगेच सापडते." मग पहिल्यांदा माझ्या चेहऱ्याकडं बघितलं. "आणि तुम्हाला सवय असते उभं राहायची."

स्टुलावर मी एकटी होते.

माझ्या पोटरीवर एक जुना वण आहे. मी रांगत होते तेव्हाचा, तोडलेल्या उसाच्या खुंटाचा. मार्कर त्यावरून अडखळला. मॅडमनी विचारलं, "हे काय?" मी सांगितलं नाही. त्यांनीच ओळखलं. बॅचकडं वळून इंग्रजीत म्हणाल्या, यांच्या बायका आयुष्यभर उभ्या असतात. यांच्या पायातल्या झडपा लवकर जातात. शिरा शोधायला वॉर्डात जायची गरज नाही, एसटी स्टँडवर बघा.

पुन्हा हसले.

त्यांना वाटलं, मला इंग्रजी कळलं नाही.

कुणीतरी फोटो काढला. संध्याकाळी तो बॅचच्या ग्रुपवर आला. माझा चेहरा त्यात नव्हता. फक्त पाय, आणि त्यावर जांभळी रेघ. खाली कुणीतरी टाळ्या टाकल्या होत्या. पलीकडच्या टेबलावर जी बाई होती, अभ्यासासाठी देह दिलेली, तिच्या अंगावर निदान चादर होती. मी स्टुलावर उभी राहून तिच्याकडंच बघत होते. दुसरीकडं कुठं बघणार?

*

मला इंग्रजी येतं. पहिलीपासून इंग्रजी शाळेत शिकले. आमच्यासारख्यांच्या पोरांना मोठ्या निवासी शाळेत घालायची सरकारी योजना होती. वस्तीवरच्या गुरुजींनी माझ्या बापाच्या, आबांच्या, मागं लागून माझं नाव घातलं. माझे आईबाप दर साली दसरा झाला की ऊस तोडायला कारखान्यावर जातात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. तसंच म्हणतात आमच्यात, कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. मला शाळेत घातलं नसतं तर मीही आतापर्यंत कुणाच्या तरी कोयत्यातला अर्धा भाग झाले असते.

शाळेत मराठी बोललं की उभं करायचे. मग मी बोलणंच सोडून दिलं. कमी बोलायचं, बघायचं, ऐकायचं. घरी आले की वस्तीवरच्या बायका म्हणायच्या, हिला गर्व आलाय. मला गर्व आला नव्हता. मला कुठल्याच भाषेत पटकन तोंड उघडता येत नव्हतं.

कॉलेजात माझं इंग्रजी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "अगं, तू तर छान बोलतेस!" मांजरानं दार वाजवून आत यावं तशी ती माझ्याकडं बघत होती.

*

राखीला घरी गेले. पाटोद्याला उतरून पुढं जीपनं, मग पायी. रेघ गेली नव्हती. साबणानं घासली, खोबरेल लावलं, तरी फिकट होऊन राहिलीच होती.

पाय धुताना मायनं बघितलं.

"हे कुणी गिरगटलं गं तुझ्या पायावर?"

"कॉलेजात. शीर कुठून जाते ते दाखवायला."

"शीर दाखवाय?" मायनं स्वतःचं लुगडं पोटरीवर सारलं. "मंग मला न्यायचं व्हतं की. माझ्यावर काढायची गरजच न्हाई. आयती हाय."

होती. त्याच जागी. घोट्याच्या पुढून, पोटरीच्या आतल्या अंगानं, गुडघ्याच्या मागं. माझ्या पायावर शाईची, तिच्या पायावर खरी. दोरखंडासारखी फुगलेली, वळणं घेत गेलेली, ठिकठिकाणी गाठी. घोट्यापाशी कातडी काळी पडलेली. मी तो पाय लहानपणापासून बघत आले होते. त्याला नाव असतं हे माहीत नव्हतं.

भावजय चुलीपाशी भाकरी थापत होती. माझ्याहून थोडीच मोठी. दोन लेकरं झालेली, तरी तोंड सारखं हसतं. ती म्हणाली, "डॉक्टरीणबाई, आत्याबाईंच्या पायावर तर सगळा जिल्हा हाय. हे बगा बीड. हे पाटोदा. हितून गेवराईला रस्ता गेला."

"आन् ही गाठ?" मायनं विचारलं.

"त्यो कपिलधारचा धबधबा. पाऊस झाला का फुगतो."

माय हसत हसत पाठीमागं टेकली. मीही हसले. मग भावजय भाकरी घेऊन बाहेर गेल्यावर माय मला म्हणाली, "वर बी हाईत. पार वरपतूर. सांगाय बी लाज वाटती."

मी विचारलं, "कुठपर्यंत?"

तिनं सांगितलं. मांडीच्या अगदी वर, आतल्या बाजूला. आणि त्याच्याही आत. तिथं बाईला काही होतं हे बाईच बाईला सांगत नाही.

"आन् वटीपोट दुखतं. सकाळच्याला कायबी न्हाई. मोळी डोक्यावर घेतली, फळीवरून गाडीत चढले, पुन्यांदा उतरले, तसतसं आत दगड बांधल्यावानी व्हतं. निजले का उतरतं. पुन्यांदा उठले का हाय तेच."

निजल्यावर उतरतं. उभं राहिलं की येतं.

माझ्या डोक्यात मॅडमचा आवाज आला. गर्भाशयाच्या आजूबाजूला शिरांचं जाळं असतं. त्या शिरांतही झडपा असतात. रक्त वर गेलं की झडप मिटते, त्याला खाली येऊ देत नाही. बाळंतपणं झाली, वर्षानुवर्षं ओझी उचलली, की त्या झडपा ढिल्या होतात. मग रक्त उतरतं, साचतं. पोटात. मांडीत. पायात. हे सगळं एकच असू शकतं. वरून खालपर्यंत एकच पाणलोट.

मी पहिल्या वर्षाची होते. मला खात्री नव्हती. पण कुणीतरी एकदा बघायला तर हवं होतं.

मायनं गुडघ्याच्या वर एक चिंधी बांधलेली होती. जुन्या लुगड्याचा काठ फाडून केलेली, करकचून आवळलेली. तशीच एक ओटीपोटावर. टोळीतल्या सगळ्या बाया बांधतात. ठणका आवळून धरला की कमी वाटतो. आधी तिच्या आईनं बांधली, मग तिनं, आणि बघितलं तर आता भावजयीच्या पायालाही होती.

मी म्हणाले, "माय, ही सोड. रक्ताला वर जायचंय आणि तू वाटेत बांध घातलास. त्यानंच आणखी साचतं. पायाखाली पोतं ठेव, पाय उंच करून झोप."

"पाय उंच करून? खोपीत?" माय माझ्याकडं बघत राहिली. "एका अंगाला देव, एका अंगाला तुजं आबा आन् आजा. कुणाकडं करू पाय?"

माझ्या पुस्तकात पाचटाची खोपी नव्हती.

"आन् आता कशाला?" माय म्हणाली. "पिशवीच काढून टाकायची हाय. मुकादम म्हणला, सगळ्या बाया मोकळ्या करून घ्या, मंग गाड्या भरू. पोळा झाला का माजी बारी."

पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्या वस्तीवर हा शब्द असा उच्चारतात जसं कुणी दाढ काढायची म्हणावं. चुलतीची काढली. शेजारणीची काढली. पिशवी गेली की पाळी नाही, पाळी नाही की खाडा नाही. मुकादमाला बिनखाड्याचा कोयता मिळतो.

"तुझी पिशवी खराब आहे हे कुणी सांगितलं?"

"डॉक्टरनी. कावून खोटं बोलतील? मोठा दवाखाना हाय."

*

दुसऱ्या दिवशी तिला तपासणीला बोलावलंच होतं. मी बरोबर गेले.

मोठ्या रस्त्यावरचा दवाखाना. बाहेर बाकावर आमच्याच टोळीच्या बाया. आत डॉक्टरांसमोर दोन खुर्च्या. एकीवर मुकादम बसलेला, दुसरीवर त्यानं थैली आणि मोबाईल ठेवलेला. माय उभी. मी उभी. मुकादमानं खुर्चीवरचा मोबाईल उचलला नाही. डॉक्टरही काही म्हणाले नाहीत.

"किती मुलं?"

"दोगं. पोरगा आन् ही."

"मग आता कशाला ठेवायची? ठेवली की पुढं कॅन्सर."

माय घाबरली. तो शब्द ऐकून ती प्रत्येक वेळी घाबरते, हे डॉक्टरांना माहीत होतं.

तिला पडद्यामागं आडवी केली. सोनोग्राफी झाली. स्क्रीन डॉक्टरांकडं होती. मी वाकून बघायला गेले तर त्यांनी खांदा मधे आणला.

मी धीर केला. मला धीर करायचा असला की इंग्रजी येतं. त्या भाषेत मी निदान चुकत नाही. मी म्हणाले, सर, तिचं दुखणं उभं राहिल्यावर वाढतं आणि झोपल्यावर जातं, पायाच्या आणि मांडीच्या शिरा फुगल्यात. हे ओटीपोटातल्या शिरांचं असू शकेल का? एकदा उभं करून बघता येईल का?

डॉक्टरांनी हात पुसले.

"कॉलेजला आहेस? कितवं वर्ष?"

"पहिलं."

ते मुकादमाकडं वळले. "मुकादम, तुमच्या टोळीत डॉक्टर निघाली की! आता आमचं काय?"

मुकादम हसला. "पोरगी हुशार हाय, सायेब. पर कोयता चालवाया हुशारी कुठं लागती?"

"उभं करून सोनोग्राफी," डॉक्टर म्हणाले. "हे तुला कोणत्या मॅडमनी शिकवलं? जा, विचारून ये." मग मायला: "बाई, पोरीच्या शब्दावर राहायचं असेल तर खुशाल राहा. तिकडं कारखान्यावर अंगावरून जायला लागलं तर मला फोन करायचा नाही."

मायनं माझा हात दाबला. गप्प बस, असा.

बाहेर आल्यावर ती बाकाचा कोपरा बघून बसली आणि चिंधी आवळली. म्हणाली, "तू काय म्हणलीस गं त्यांना? म्हंजे मला कळलंच न्हाई."

तिच्या पोटाबद्दल बोलत होते. तिच्यासमोर. आणि तिलाच कळलं नव्हतं.

*

पोळ्याला अजून वेळ होता. मी ठरवलं, मॅडमनाच विचारायचं. त्यांनी एक शब्द सांगितला, आमच्या कॉलेजातल्या कुणा डॉक्टरांना एक फोन केला, तर मी मायला इकडं आणेन. एकदा नीट बघतील. पिशवी खराब असेल तर काढतील. पण बघतील तरी.

मॅडमच्या केबिनबाहेर उभी राहिले. त्या बाहेर आल्या तशी म्हणाले, "मॅडम, आईबद्दल विचारायचं होतं."

"आत्ता नाही. दुपारी दुसरी बॅच आहे. त्यांना पाय लागेल. ये तू, मग बोलू."

मी गेले. हो, गेले. मला उत्तर हवं होतं.

पुन्हा स्टूल. पुन्हा मार्कर. जुनी रेघ अजून पुसट दिसत होती. मॅडम म्हणाल्या, "वा, वाटच तयार आहे," आणि तिच्यावरूनच नवी ओढली. दप्तरात माझा फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. मी खाली उतरू शकत नव्हते, मांडीवरची शाई ओली होती.

रेघ झाली. मॅडमनी टोपण लावलं. "हं. काय विचारायचं होतं तुला?"

तिथंच. सगळ्यांसमोर. मी स्टुलावर, सलवार मांडीपर्यंत.

मी विचारलं. आईच्या शिरा कुठपर्यंत आहेत हेही सांगावं लागलं. ते शब्द माझ्या तोंडून बाहेर पडताना मागची दोन मुलं एकमेकांकडं बघत होती.

मॅडमनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हो. असू शकतं. पुस्तकात आहे हे. ओव्हेरियन व्हेनच्या झडपा गेल्या की असंच होतं. चांगलं लक्षात आलं तुझ्या."

"मग मॅडम, तुम्ही तिला एकदा बघाल? नाहीतर इथल्या कुणाला सांगाल? तिची पिशवी काढणार आहेत."

"मी? मी अ‍ॅनाटॉमीची आहे. मी जिवंत पेशंट बघत नाही गं."

बॅच खो खो हसली. मॅडमही हसल्या, स्वतःच्या विनोदावर. मग जरा समजुतीच्या सुरात: "आणि हे बघ, त्या बायकांना स्वतःलाच नको असते पिशवी. त्यांना सुटका हवी असते. तू कशाला मधे पडतेस? डाव्या आणि उजव्या ओव्हेरियन व्हेनमधला फरक पाठ कर. तो परीक्षेत विचारतात."

डावी मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते. उजवी थेट महाशिरेला. मला पाठ होता.

खाली उतरले. फोन बघितला. भावजयीचे कॉल होते. लावला.

"ताई, आत्याबाईंचं आज झालं."

"काय झालं?"

"पिशवीचं. डॉक्टर म्हणले पोळ्याला गर्दी व्हईल, मुकादमानं जीपच आणली. सगळ्यांचंच आज केलं. आत्याबाईंनी तुमाला इचारून घिऊ म्हणलं, म्हणून मी फोन लावला. तुमी उचलला न्हाई."

माझ्या मांडीवरची शाई वाळली होती.

*

मी बरोबर होते की चूक, मला आजही माहीत नाही. मायच्या ओटीपोटातल्या शिरा कुणी बघितल्याच नाहीत. पिशवी कुठं गेली, कुणी तपासली का, तिच्याबरोबर अंडाशयंही काढली का, कुणी सांगितलं नाही. मी दवाखान्यात जाऊन विचारलं. डॉक्टर आत होते. बाहेरचा माणूस म्हणाला, "टाके सुकले ना? मग झालं की."

दसरा झाला आणि माय गाडीत बसली. पोटावर नवा व्रण, व्रणाच्या वर चिंधी.

मग एकदा कारखान्यावरून फोन आला. मागं गाड्यांचा आवाज. माय म्हणाली, "बाई, एक इचारू?"

"विचार."

"पिशवी काढली ना. मंग आत अजून काय हाय? तसंच दुखतंय. मोळी घेतली का तसंच जड व्हतंय. आन् आता रातीचं अंग बी भाजतं. मी तुज्या आबांना सांगितलं न्हाई. म्हणतील, एवढं करून बी हिचं रडगाणं हायच."

मी काय सांगणार होते? नदी उपसायच्या ऐवजी तिच्या काठावरचं घर पाडलं असं सांगणार होते? मी म्हणाले, "चिंधी सोड, माय." ती म्हणाली, "सोडली का उभंच ऱ्हावत न्हाई गं." आणि मुकादमाची हाक आली, फोन बंद झाला.

त्या रात्री नाही, त्या आठवड्यात नाही, मी कधीच रडले नाही. मला वाटतं, रडू उतरायलाही कुठंतरी वाट लागते.

*

पुढच्या वर्षी शिपाई आमच्या वर्गात आला. "मॅडमनी बोलावलंय. नवीन बॅच."

मी गेले. तीच खोली. तेच स्टूल. नवी पोरं, कोरे एप्रन. मॅडमच्या हातात तोच जांभळा मार्कर.

"ये. मागच्या वर्षीचा पाय चांगला होता. चढ."

मी बघितलं. बॅचच्या अगदी मागं एक मुलगी भिंतीला टेकून उभी होती. बारीक. कॉलर झिजलेली. पायाची बोटं चपलेत आवळून धरलेली. मला कळलं, मी नाही म्हणाले की मॅडमची नजर तिच्याकडं जाईल.

"चढ गं, वेळ जातो."

"मी चढणार नाही, मॅडम."

मी हे मराठीत बोलले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"काय झालं? पाय मोडला?"

काही जण हसले. सवयीनं.

"नाही. मी चढणार नाही. आणि तीही चढणार नाही." मी मागं बोट दाखवलं. त्या मुलीनं मान खाली घातली.

"मग मी शिकवू कशावर? हवेत काढू शीर?"

"तुम्ही चढा, मॅडम. तुमच्याही पायात आहे ती. त्याच जागी."

मॅडमनी खाली स्वतःच्या साडीच्या काठाकडं बघितलं. क्षणभरच. पण बघितलं. स्वतःला पाय आहेत हे जणू त्यांना आत्ता आठवलं.

मग त्यांचा चेहरा लाल झाला. "बाहेर हो. माझ्या खोलीतून बाहेर हो. सीट मिळते फुकट, आणि माज बघा. माझा विषय सुटला म्हणजे तू माझ्यातून सुटलीस असं नाही, लक्षात ठेव. पुढच्या तोंडी परीक्षांना सगळीकडं माझीच माणसं आहेत."

"लक्षात आहे."

मी बाहेर आले. जिन्याचा कठडा धरून उभी राहिले. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. आत स्टूल तसंच होतं. थोड्या वेळानं कुणीतरी त्यावर चढलंच असेल. मी थांबून बघितलं नाही.

संध्याकाळी भावजयीचा फोन आला. हसत होती, पण नेहमीसारखं नाही.

"ताई, आता माजी बारी."

"कशाची?"

"मोकळं व्हायची. मुकादम म्हणतो, दसऱ्याच्या आत उरकून घे. तुमचे दादा बी म्हणले, घे उरकून."

"तुला काय होतंय?"

"कायच न्हाई. कंबर दुखती. ती तर समद्यांचीच दुखती." मग आवाज हळू केला. "ताई, आत्याबाईंचं तर काढून बी तसंच हाय. मंग माजी कावून काढायची?"

आमच्या वस्तीवर हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला.

"तारीख कळव," मी म्हणाले. "माझ्याशिवाय निघायचं नाही. जीप आली तरी बसायचं नाही."

"दादा वरडतील."

"ओरडू दे. माझ्यावर ओरडायला सांग."

तारीख ठरली आहे. मी रजेचा अर्ज दिलेला नाही. देणारही नाही, तशीच जाणार. परीक्षेत काय होईल ते होईल. मी डॉक्टर होईन की नाही हे आता एकट्या मॅडमच्या हातात आहे असं त्यांना वाटतं. वाटू दे. तोपर्यंत मला जे येतं त्याचं मी काय करायचं, हे त्यांच्या हातात नाही.

त्या दवाखान्यात डॉक्टरांसमोर दोन खुर्च्या आहेत. मुकादमाचा मोबाईल मी उचलून खाली ठेवणार. वहिनीला बसवणार. स्क्रीन आमच्याकडं फिरवायला लावणार. काय खराब आहे, कुठं आहे, बोट ठेवून दाखवा म्हणणार. नाही दाखवलं तर वहिनीला घेऊन उठणार आणि मायलाही घेऊन सरकारी मोठ्या दवाखान्याच्या रांगेत उभी राहणार. तिथून हाकललं तर दुसऱ्या दवाखान्याच्या.

आणि या वेळी इंग्रजीत विचारणार नाही. मराठीत विचारणार. दार उघडं ठेवून. बाहेर बाकावर टोळीच्या बाया बसलेल्या असतील, पायाला चिंध्या बांधून. त्यांतल्या शेवटच्या बाईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

वहिनी त्या ऑपरेशनच्या टेबलावर चढणार नाही.